दोन मिनिटं धर

धुळ्याहून निघताना दोघांना विचारलं होतं.
निमिष म्हणाला, नाही.
इला म्हणाली, दादाला नाही तर मलाही नाही.
आजीची मोरी, नळ, सगळं हाताशी
आणि दोघंही कोरडे ठणठणीत.

मालेगाव मागे पडलं तेव्हा निमिषला आली.
निमिषचं सोपं आहे.
गाडी कडेला, दार उघडं,
बाभळीकडे तोंड करून उभा राहतो
आणि वारूळ बुडवतो मुंग्यांचं.
वर ओरडून सांगतो, "आई, पूर आला!"
सात वर्षांच्या मुलाला अख्खा महामार्ग घरचा.

इलाचं तसं नाही.
तिला दार लागतं. दाराला कडी लागते.
कडी लावली की भीती वाटते, म्हणून आत मी लागते,
मी आत असले की "तू तिकडे बघ."
झुरळ नको, वास नको, फ्लशचा आवाज तर नकोच.
चार वर्षांची आहे,
अटी एखाद्या व्याह्याला लाजवतील अशा.

राहूडचा घाट उतरला आणि मागून आलं, "आई."
हा भुकेचा नव्हता.
भुकेच्या "आई"ला शेपूट असतं, लांबत जाणारं.
हा तुटका होता.
"दोन मिनिटं धर, सोन्या."

पहिल्या पंपावर कुलूप.
किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला.
"जेन्ट्सचं उघडंय, मॅडम."
पुढच्या ठिकाणी कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं.
ढाब्यावर दार होतं, कडीही होती,
आत छताला टेकलेली कांद्याची पोती.
निमिष पाण्याची बाटली खळखळवत होता, मुद्दाम.
इला पायात पाय गुंतवून आकडे म्हणत होती.

शिरवाड्याच्या अलीकडे गाडी कच्च्या रस्त्याला घातली.
द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी नुकती झालेली,
नुसत्या काड्या आणि तारा, आडोसा म्हणून पान नाही.
मी ओढणी पसरून भिंत व्हायला लागले
तेवढ्यात बॅटरीचा उजेड.
"ताई, तिथं नका बसवू!
काड्यांना कालच पेस्ट लावलीय,
पोरीच्या अंगाची आग होईल.
घरी चला. नवीन बांधलंय."
शेवंताबाईंनी ते "नवीन बांधलंय"
पैठणीची घडी उलगडावी तसं म्हटलं.

निळी टाकी. पत्र्याचं दार.
दारावर सुनेनं रंगवलेला मोर, मानेत जरा आखूड.
इलानं आधी मोर पाहिला,
मग कडी दोनदा वाजवून पाहिली,
मग म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा.
आई, तू पण."

बाहेर आम्ही दोघी.
आतून आकडे येत होते,
सातनंतर नेहमीसारखा नऊ.
"आम्ही अंधार पडायची वाट बघायचो," शेवंताबाई म्हणाल्या,
"तीस वर्षं. दिवसा पाणी घोट मोजून प्यायचं."
मी काही बोलले नाही.
सकाळपासून माझ्याही पोटात
दोन घोट चहा होता, तोही पशाने केलेला, आग्रहाचा.

त्यांनी बॅटरी खाली केली. "आणि तुम्ही?"

प्रश्न पाठ होता मला.
कितीदा विचारला असेल, गाडीत, लग्नांत, देवळाबाहेर.
फक्त माझ्याकडे तोंड करून
तो कधी उभा राहिला नव्हता.

आतल्या बाजूनं मोर नव्हता, साधा पत्रा होता.
कडी नीट बसत होती.

ओझर गेलं. आडगाव गेलं.
द्वारकेच्या सिग्नलला पुढे ट्रक, मागे बस,
दोन्हीकडून रिक्षा.
इला झोपलेली, कोरडी.
"आई."
आरशात पाहिलं.
महामार्गाचा मालक गुडघे जुळवून बसला होता.
"इथे उतर की," मी म्हणाले.
"इथे सगळे बघतील ना!"

सिग्नलचे आकडे एकशे दहापासून उतरायला लागले.
"दोन मिनिटं धर," मी म्हणाले,
आणि बाटलीतलं उरलेलं पाणी
सगळं पिऊन टाकलं.