उखर्डू

सारंगखेड्याच्या बंधाऱ्याआड तापी थोपलीय,
तिथं आम्ही सोडलीय साडेसहा मीटरची राखाडी नाव.
जळगावच्या एमआयडीसीत, जिथं आधी
ठिबकच्या नळ्या निघायच्या, त्या शेडातला तिचा साचा.
सुकाणू नाही. बसायला फळीसुद्धा नाही.
नाळेवर कॅमेरा, वर रडारचा डबा,
पोटात बॅटऱ्या आणि मी लिहिलेल्या चौदा हजार ओळी.
समुद्र इथून ट्रकनं एक रात्र लांब.

उखर्डू भोई रोजंदारीवर.
काम एवढंच, डोंगी घेऊन आडवं यायचं,
कधी जाळं टाकत, कधी नुसतं,
कधी वल्हं उगारून, अंगावर धावल्यासारखं.
नावेनं ओळखायचं : कोळी की वैरी.

पहिल्या दिवशी त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली.
"हाई कोन चालाडस?"
कोणीच नाही, काका.
"मंग बुडनी ते कोन रडी?"
मी हसले. या प्रश्नाला रकाना नव्हता.

पडद्यावर त्याच्याभोवती चौकट उमटते.
सकाळी हिरवी.
दुपारी पाणी चकाकतं तेव्हा पिवळी :
अज्ञात, बासष्ट टक्के.
संध्याकाळी, सूर्य पाठीमागं, वल्हं खांद्यावर आडवं,
लाल.
अजून आम्ही तिच्यात काही भरलेलं नाही,
लाल म्हणजे नुसता रंग.
तरी मी खुर्चीतून उठले.

कळण्याची भाकरी मोडताना त्यानं सांगितलं,
आधीची तीन गेली.
म्हणून हा झाल्याबरोबर मायनं उकिरड्यावर लोळवला,
नाव तसलंच ठेवलं,
म्हणजे मरण दाराशी आलं तर बघेल,
म्हणेल, कचरा दिसतोय,
आणि पुढच्या घरी जाईल.
"सत्तर वरीस व्हयनात. आजून त्यानी वळखं नही."

त्या रात्री विश्रामगृहात, डास मारत,
त्याच्या अकराशे चित्रांना मी नवा रकाना दिला.
रडारवाले ज्याला कचरा म्हणतात,
लाटा, बगळे, वाहून आलेलं लाकूड,
दिसलं तरी मोजायचं नाही ते.
त्यात उखर्डू.
वरच्यांना पटणार नाही. म्हणतील, एखाद दिवशी
वैरीही उकिरड्यावर लोळून येईल.
बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या संध्याकाळी तोच सूर्य, तेच वल्हं.
नावेनं त्याच्याकडं पाहिलं
आणि दोन वाव अंतरावरून निघून गेली.
डोंगी डचमळली.
तो वळून तिला काहीतरी म्हणाला.
ऐकायचं यंत्र आम्ही तिला बसवलेलं नाही.