सतरा नंबर

पोर्तोच्या उतारावरल्या प्रयोगशाळेत
ग्रासिएत उंदीर पळवते.
सतराच्या महाधमनीला गाठ तिनेच मारली,
सुईएवढी वाट ठेवून.
तेव्हापासून त्याचं हृदय
न उघडणाऱ्या दाराला खांदा लावून आहे.

पट्टा फिरतो. सतरा आधी हटून बसतो,
मग धावतो, कालच्यापेक्षा थोडं जास्त,
कुठेच न पोचता.

आठ आठवड्यांनी काचेखाली दोन काप:
बसून राहिलेल्या बाविसाचं हृदय
घट्ट्यासारखं निबर, पांढऱ्या तंतूंनी भरलेलं.
सतराचं अजून मऊ.
गाठ सुटली नव्हती, दोघांचीही.

ती नोंद करते. हात दोनदा धुते.

नदीकडून घरी एकशे बारा पायऱ्या.
वडील शेवटी शेवटी विसाव्या पायरीवर बसत,
दम लागला म्हणत नसत, बोटी बघतोय म्हणत.
ग्रासिएत तिथं थांबत नाही.
बोटी असतात.