स्पीडचा रकाना

परभणीच्या एका बँकेनं लिलावात काढलेला कॉम्प्युटर
घरी आणला तेव्हा तात्या काही बोलले नाहीत.
नऊ मशीनं गेली होती त्याच्या बदल्यात,
जिंतूरच्या भंगारवाल्यानं किलोवर तोललेली,
त्यात मराठीची चार.
टेबल मात्र तेच राहिलं,
पायांखाली अजून रबराचे तुकडे,
ठकठक खालच्या दुकानात जाऊ नये म्हणून लावलेले.

मोडेमचं कार्ड आत बसलं. स्क्रू एकच सापडला.
फोनची वायर पुढच्या खोलीतून ओढून आणली,
वाटेतलं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं.
मग वेगळीच गंमत:
मोडेम जागा झाला की माऊस मरायचा.
दोघांना दार एकच.
मी माऊस काढूनच ठेवला.
टॅब, टॅब, एंटर. खाली, खाली, एंटर.
तात्या मागे उभे. तेव्हा पहिल्यांदा बोलले,
"करंगळी वापर की पोरी. ती काय पाहुणी हाय?"

नंबर फिरला.
आधी घंटी, मग ती लांब किंकाळी.
प्रयागकाकू भिंतीवरून डोकावल्या,
"कोण रडायलंय गं?"
मग खरखर. मग काहीच नाही.
असं अकरा वेळा.
पासवर्ड तपासला, सीडी पुन्हा घातली,
झेरॉक्सचा पुसट कागद दिव्याला धरून वाचला.

बाराव्या वेळी तात्यांनी डोळे मिटले.
तीस वर्षं ते वर्गात असेच बसायचे,
नऊ मशीनं एकदम चालू असायची
आणि तिसऱ्यावर कुणी चुकीचं बोट टाकलं
की इथून ओरडायचे, नाव घेऊन.
"थांब," म्हणाले. "शिट्टीपर्यंत बरोबर हाय.
शिट्टीनंतर दोघांना एकमेकांचं ऐकू येईना.
मशीन चांगली हाय. लाईन खराब हाय."

चाँदपाशा लाईनमन चौथ्या दिवशी आला.
"सर, डॉक्टर कधी झालात तुम्ही?"
खांबावर चढला, डबी उघडली
आणि हसायचा थांबला.
आत काळ्या मुंग्या, अंड्यांसकट, भरला संसार.
तोंड फिरवून फुंकर मारली त्यानं,
तार चाकूनं खरडून नवा पीळ दिला.
खाली उतरून हात धुताना म्हणाला,
"चाळीसच्या परीक्षेत मी तुमच्याच इथं नापास झालतो."
"दोनदा," तात्या म्हणाले.

रात्री साडेदहाला, दर अर्धा झाल्यावर,
घंटी, शिट्टी, खरखर,
आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन चिमुकले टीव्ही
आळीपाळीनं निळे व्हायला लागले.
तात्यांनी जुनं हजेरीबुक काढलं.
नाव: इंटरनेट. येण्याची वेळ: १०:३४.
स्पीडचा रकाना कोरा ठेवला.

"काय बघायचं?"
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग कंपनीचं नाव सांगितलं, मॉडेलचा आकडा सांगितला,
कुणी झोपेतून उठवून विचारला असता
तरी सांगितला असता, असा.

चित्र वरून खाली उतरू लागलं, ओळीमागून ओळ.
आधी नुसतं पांढरं.
मग कागद धरायची दांडी.
मग रोलर, त्याची उजवी मूठ.
"घंटी दिसत नसते," तात्या म्हणाले, "आत असते."
रिबिनीची एक चकती. दुसरीची अर्धी

आणि लाईट गेली.
वेळापत्रकात नव्हती, तरी गेली.

फोनला लाईट लागत नाही. तो वाजला.
सेलूची आत्या: "अर्ध्या तासापासून लावायले दादा,
एवढं कोणाशी बोलायलात?"
"नवीन अ‍ॅडमिशन झालंय एक," तात्या म्हणाले आणि ठेवला.

मी मेणबत्ती घेऊन आले
तर कीबोर्ड बाजूला सारलेला,
उघड्या लाकडावर दहाही बोटं,
करंगळ्यांसकट, चाललेली.
"खालचं राहिलं ना बघायचं," मी म्हटलं.
"खालचं पाठ हाय."

मग हजेरीबुक ओढलं उजेडात.
जाण्याची वेळ: ११:०५.
स्पीड: कच्ची. रोज यावे.