पुलावरून

दांडिया बाजारात, पिठाच्या गिरणीच्या वर,
सहा ते साडेसात माझा इंग्रजीचा वर्ग.
गिरणी चालू असली की फळा थरथरतो,
अक्षरं आपोआप तिरकी होतात.

आज पाण्याचे वाक्प्रचार.
'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत, मी सांगते.
फाल्गुनी परमार, सयाजी हॉस्पिटलातली नर्स,
फेब्रुवारीत लीड्सला जाणारी,
म्हणते, मॅडम, गरम पाणी म्हणजे तर सुख.
नाइट करून आले की बा बादली तापवून ठेवते.
परीक्षेत असं लिहू नकोस, मी म्हणते.

'फिश आउट ऑफ वॉटर' मात्र
ती काही न विचारता लिहून घेते.

मागच्या बाकावरून कर्णिककाका,
बँकेतून निवृत्त, मुलगी टोरांटोला:
'पाण्यात पाहणे'ला इंग्रजीत काय?
काही नाही, काका.
त्यांचा द्वेष कोरडा असतो.

मग 'वॉटर अंडर द ब्रिज'.
म्हणजे झालं गेलं. भांडण जुनं झालं,
वाहून गेलं, आता त्याचं काही नाही.
फाल्गुनी मान वर करते:
पण मॅडम, आपणे त्यां तो
पुलाच्या वरून गेलं ने?
वर्ग हसतो. मीही. खडू तुटतो.

विश्वामित्री काळ्या घोड्याच्या पुलावर चढली
त्या आठवड्यात भाऊ सामाला, दुसऱ्या मजल्यावर.
खाली लिफ्टच्या दाराशी मगर,
जाळीला नाक लावून, वर जायचंय अशी.
तो फोटो त्याने सगळ्यांना पाठवला.
मला दूधवाल्याच्या ग्रुपवरून मिळाला.

अकरा वर्षांपूर्वी
आईच्या घराच्या हिश्शावर मी पाणी सोडलं होतं.
रीतसर. स्टँपपेपरवर. दोन साक्षीदार.
त्यातला एक पेन परत न देताच गेला,
एवढंच मला नीट आठवतं.

तिसऱ्या रात्री मी फोन लावला.
तो म्हणाला, बॅटरी सहा टक्के आहे, बोल.
मी विचारलं, पाणी कुठवर आलंय?
तिसऱ्या पायरीवर.
वहिनी?
झोपलीय.
मग दोघंही गप्प,
सहाचे पाच होईपर्यंत.
तो म्हणाला, तुझ्याकडे लाइट आहे ना.
आहे, म्हटलं,
आणि कसलीशी लाज वाटून
खोलीतला दिवा मालवला.

मॅडम, मग लिहायचं काय?
अंडर लिही, मी म्हणते.
पेपर तपासणारा
नदीकाठी राहत नसेल.

खाली गिरणी थांबते. फळा स्थिर होतो.
'पालथ्या घड्यावर'ला इंग्रजीत बदकाची पाठ असते
हे सांगायचं राहून जातं.
कर्णिककाका छत्री विसरतात,
परत येऊन घेऊन जातात.

सामाच्या त्या जिन्यात, तिसऱ्या पायरीला,
गाळाची रेघ अजून आहे म्हणे.
कितीही पुसली तरी.
मी अजून पाहिलेली नाही.