फॉर्ममागे चाळीस रुपये

गायधनी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं:
उत्तर सुचवायचं नाही,
हळहळायचं नाही,
चहा दिला तर घ्या, पण फॉर्मवर डाग नको.

बारा वर्षांपूर्वी पदवी घेतलेले चारशे जण,
जुन्या यादीतून चिठ्ठ्या उचलल्यागत निवडलेले.
माझ्या वाट्याला सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा
आणि मावसभावाची स्प्लेंडर,
पेट्रोल माझं.

रेवती खैरनार. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी.
भेटली शिफ्ट सुटताना, कंपनीच्या गेटवर,
हातमोज्यात दिवसभर उबून बोटं पांढुरकी पडलेली.
प्रश्न सतरा:
सध्याच्या कामासाठी तुमच्या पदवीची गरज आहे का?
म्हणाली, कामाला नाही.
कामावर घेताना आहे.
चौकटी दोनच होत्या, हो आणि नाही.
बस सुरू झाली तशी ती पळाली
आणि मी समासात बारीक अक्षरात लिहीत राहिलो.

हिरामण गांगुर्डे. एम.ए., इतिहास.
फाट्यावर झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज.
निकाल लागले की आठवडाभर जेवायला फुरसत नसते.
"लोकांच्या डिग्र्या प्लास्टिकात घालतो मी.
लॅमिनेट केलेली पडताळणीला चालत नाही, हेही मीच सांगतो.
तरी म्हणतात, घाला.
भिंतीवर लावायचीय."
त्याची स्वतःची?
त्यानं टोनरच्या खोक्यांमागे हात घातला,
मग म्हणाला, राहू द्या, फॉर्म भरा.

नसरीन अत्तार, बी.कॉम.
दिरांच्या तीन दुकानांचं जीएसटी ती भरते,
रात्री, पोरं झोपल्यावर.
पगार म्हटल्यावर आतल्या खोलीकडे बघून हसली.
माझ्या वहीत तिच्यासाठी कोड होता:
श्रमबाजाराबाहेर.

संध्याकाळी कॉलेज रोडच्या वरच्या मजल्यावर
मॅडम पडद्यावर ठिपके पसरून बसलेल्या.
एक वर्ष जास्त शिकलं की पगार किती टक्के चढतो
ते सांगणारी रेष ठिपक्यांमधून तिरपी गेलेली.
पदवी म्हणजे सिग्नल, त्या म्हणाल्या.
मला मुंबई नाका आठवला,
हिरवा लागूनही कुणी हलत नाही तो.
"नाशिकरोडला नोटा छापतात ना,
किती छापायच्या ते वरून ठरतं.
पदव्यांचं असं कोण ठरवतं?"
प्रश्न मला नव्हता. तरी मी मान हलवली.

रेवती रेषेच्या खाली होती, बरीच.
मी बोट ठेवून दाखवली.
त्या म्हणाल्या, नावं आपण काढून टाकलीत,
तुम्हाला कसं कळलं?

मग यादी तपासताना त्या थांबल्या.
तीनशे अकरा. पत्ता बदलला, सापडत नाही.
शेरा माझ्या अक्षरातला.
नाव माझं.

पंखा फिरत होता.
मॅडमनी चष्मा काढला, कोरा फॉर्म घेतला,
खुर्ची माझ्याकडे वळवली.
स्वतः उठून चहा ओतला,
त्याचा गोल उमटला पहिल्याच पानावर.
शिक्षण?
एम.ए., अर्थशास्त्र. तुम्हीच शिकवलंत, दुसरं वर्ष.
सध्याचं काम?
हेच.
कायम की हंगामी?
मी खिडकीबाहेर बघितलं. खाली क्लासेस सुटले होते,
स्कूटींची गर्दी, सॅकचे पट्टे,
एकीनं दुसरीला काहीतरी सांगितलं
आणि दोघी वाकून हसत होत्या.

प्रश्न सतरा त्यांनी वाचला नाही.
पेन तिथे जरा टेकलं, शाईचा ठिपका झाला,
मग सरळ अठराव्यावर गेल्या.

हळहळल्या नाहीत. नियम नियम असतो.

फॉर्म पुरा झाला तेव्हा साडेआठ वाजले होते.
मी हिशोबाची वही काढली आणि विचारलं,
मॅडम, याचे चाळीस
माझ्यात धरू, की तुमच्यात?