मागमूस

माझं काम झाडूचं.
बर्चच्या फांद्यांचा झाडू, लांब दांड्याचा.
कॅमेरा लागण्याआधी बर्फावरून सगळ्यांचे माग पुसायचे:
स्कूटरचे पट्टे, जेवणाच्या घसरगाडीची ओढ,
ध्वनीवाल्या पोराने झुडपाआड पाडलेलं पिवळं भोक,
आणि शेवटी, उलटं चालत, माझे स्वतःचे.
मग दिग्दर्शक हात चोळत म्हणतो,
वा! इथे माणसाचा मागमूस नाही.

इथे म्हणजे राव्ना मावशीच्या हिवाळी कुरणावर.
ड्रोनला बिचकून कळप दोन टेकड्या पलीकडे गेला.
त्याची भरपाई करारात आहे, सातव्या पानावर,
बारीक अक्षरात.

आठ जण आले होते ओस्लोहून:
एक निवृत्त गोलरक्षक, दोन गायक,
केक करणारा एक, आणि एक जण
ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, कारण कुणालाच नाही.
त्याने मला विचारलं, तुमच्यात बर्फाला म्हणे शंभर शब्द?
म्हटलं, असतील. मजुरीला एकच आहे.

आठवी गुनवोर, हवामान सांगणारी.
वीस वर्षं ती नकाशासमोर उभी राहिली
आणि आमचं गाव नेमकं तिच्या खांद्यामागे.
लहानपणी मी टीव्हीच्या कडेला जाऊन वाकून बघायची,
दिसतं का.

तळ्याला भोक मी पाडलं, पहाटे सहाला, करवतीने.
गुडघ्याच्या वर जाड बर्फ.
साडेनऊपर्यंत ते दोनदा मिटलं, दोनदा उघडलं.
उडी मारायची, स्वतःचं नाव सांगायचं,
आणि आपण इथे का आलो ते.
गुनवोरने नाव सांगितलं.
पुढचं तिच्या दातांना जमेना.
पुन्हा घेऊ, दिग्दर्शक म्हणाला, उजेड जातोय.

तिसऱ्या वेळी ती वर आली ती बोलतच नव्हती.
हरलेल्याने आपल्या नावाची पाटी शेकोटीत टाकायची असते.
पाटी ओली. पेटेना.
रॉकेल मी शिंपडलं, चौकटीच्या बाहेरून.

पडद्यावर पुढे ती एकटी पांढऱ्यात चालत जाते,
व्हायोलिन वाजतं, गिधाडासारखं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं.
तसं काही झालं नाही.
माझ्या स्कूटरवर मागे बसली, कंबर धरून,
पेट्रोलच्या वासात, चौदा किलोमीटर.
मध्ये कुठेतरी तिची पकड सुटायला लागली.
गाडी थांबवली. हातमोजे काढले, तिचे आणि माझे,
तिचे हात माझ्या काखांत घेतले, कोटाच्या आत, कातडीला.
मेलेले मासे ठेवावेत तसे वाटले.
बराच वेळ दोघी तशाच, तोंडाला तोंड,
नाचायचं विसरलेल्या जोडप्यासारख्या.
किती आहे? तिने विचारलं.
उणे एकतीस.
मी चोवीस सांगितलं असतं, म्हणाली,
आणि मग रडली. थोडंसंच.
इतक्या थंडीत त्याचीही काटकसर करावी लागते.

ऑक्टोबरात कार्यक्रम लागला.
राव्ना मावशी वाळवलं मांस सुरीने कापत बघत होती.
उड्या बघितल्या, रडणी बघितली, सुरी थांबली नाही.
मग एकदम: थांब. मागे घे. अजून.
कोऱ्या पांढऱ्या माळाच्या खालच्या कोपऱ्यात
सात पावलं.
एल्ले, हा तुझा डावा पाय, म्हणाली.
आत वळतो. माजलेल्या नराने मोडला होता, तेव्हापासून.
एवढं झाडून राहिलंच कसं?

मी काही बोलले नाही.
राहिलं कसं ते मलाही नीट सांगता येत नाही.
त्या दिवशी काखा अजून गार होत्या.

बातम्यांनंतर हवामान लागलं.
गुनवोर. निळा कोट.
अजूनही आमच्या गावासमोरच उभी.
फक्त उणे म्हणताना
डाव्या हाताची दोन बोटं तिने मुठीत घेतली.

रात्री पडेल, मावशी म्हणाली,
टीव्हीकडे न बघता, खिडकीकडेही न बघता,
आणि सुरी पुसली.