धूपप्रतिबंधक

मी समितीची प्रतिवेदक.
माझं काम ऐकणं,
आणि ऐकलेल्यातलं काय ऐकू आलं नाही ते वेळेवर ओळखणं.

लोकलेखा समिती देवगडच्या विश्रामगृहावरून निघाली तेव्हा
सहा गाड्या, पोटात आंबोळ्या,
आणि माझ्या मांडीवर महालेखापालांचा परिच्छेद, तीन दशांश सात:
बंधारा, लांबी चारशे दहा मीटर.
देयक अदा. कामाची खात्री होत नाही.

खात्री करायला पोचलो ती अष्टमी होती.
पाणी लांब, शहाण्यासारखं.
शेवंती तारी पाटी डोक्यावरून न उतरवता म्हणाली,
"ह्येंका भांगाक हाडलात काय?
भांगाक दर्यो तपासनीस इल्यासारखो गप बसता.
उधानाक येवा."
कार्यकारी अभियंत्यांनी तिचा अनुवाद केला:
"ग्रामस्थांनी स्वागत केलंय, सर."

अंदाजपत्रकात दगड एकेक टनाचा.
मोजमाप पुस्तकात, पान चौतीस, तेवढाच.
सदस्या पिटेकर खाली वाकल्या.
त्यांच्या तालुक्यात समुद्र नाही, नदीसुद्धा वर्षातून दोन महिने असते,
पण दगड कळतो. बाप सुरुंगवाला,
हे मला रात्री जेवताना कळलं, पानावर ते नाही.

"ह्याचं वजन?"
"एक टन, मॅडम. नोंद आहे."
त्यांनी गर्दीतल्या एका पोराला हाक मारली.
साईश कुबल, इयत्ता सहावी, शाळेचा गणवेश, पायात काही नाही.
"उचलतोस का रे?"

त्यानं उचलला.
पोटाशी धरला, चार पावलं चालत आला
आणि अगदी नीट, बाईंना विचारावं तसं विचारलं,
"खंय ठेवू?"

आमच्याकडे (हशा) असा कंस आहे.
(अडथळा) आहे.
सगळे एकदम गप्प झाले तर काय लिहायचं,
याची नियमात तरतूद नाही.

मग मुंबईत साक्ष. सचिव अकरा वेळा म्हणाले,
माहिती घेऊन सादर करतो. मी अकरा वेळा लिहिलं.
समितीने तीव्र नापसंती व्यक्त केली.
जबाबदारी निश्चित करून तीन महिन्यांत अवगत करावे.
अहवाल सभागृहासमोर ठेवला अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी,
आणि त्याच दुपारी, आवाजी मतदानाने, चर्चेविना,
पुरवणी मागण्या. त्यात एक शीर्ष, बारीक अक्षरात:
तोच बंधारा, वाढीव लांबी सातशे मीटर.
होयचं बहुमत. होयचं बहुमत.

काहीच झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही.
एका निवृत्त शाखा अभियंत्याच्या पेन्शनीतून
एक लाख चाळीस हजार वसूल झाले.
नव्या निविदेत आता एक अट आहे,
प्रत्येक ट्रकसोबत वजनकाट्याची पावती.
पावत्या येतात. दगडही येतात, बहुतेक.
विधानसभा विसर्जित झाली, समिती नवी आली,
पिटेकर पडल्या, साडेचारशे मतांनी.
परिच्छेद तीन दशांश सात प्रलंबित. समित्यांपेक्षा त्याचं आयुष्य मोठं.

वृत्तांत तपासताना वरिष्ठांनी त्या दोन शब्दांवर रेघ मारली होती.
शेरा: अप्रस्तुत.
बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच
मी खोडलेलं परत टंकलं, आणि सही होऊन गेलं;
एवढी पानं कोण वाचतं?

तर विधानभवनाच्या ग्रंथालयात, परिशिष्ट दोन,
ते अजून आहे, कुणी उत्तर न दिलेलं.

परवा फोनवर शेवंतीबाय सांगत होती,
बंधाऱ्यामागचे सात माड गेले.
आठवा वाकलाय.
साईश आता बोटीवर जातो.
आणि उधाण कधी, तेही सांगितलं,
तारखेसकट.
मी ती लघुलिपीत लिहून घेतली. सवय.